काटवट अमानत ठेवायला बोरगव्हाणला

गेलं वर्षभर माझ्या दिवाणाखाली आईची काटवट पडून होती आणि घरातल्या प्रत्येकाने तिला एकदा तरी पायाचं बोट ठेचून घेतलं होतं. ज्यांना काटवट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची आणि भाकरी थापायची लाकडी परात. आमची एकाच ओंडक्यातून कोरलेली, चांगली दोन हातांत धरावी लागेल एवढी जड, आणि धरायला एका बाजूला कान. आई गेली, मग घाटनांदूरचं दोन खोल्यांचं घर विकलं. भांडीकुंडी वाटली गेली, पण काटवट कुणी घेईना. शेवटी ती माझ्याबरोबर पुण्याला आली. इथे माझ्या ओट्यावर मिक्सर ठेवायला जागा नाही, तिथे काटवट कुठे ठेवणार?

माझा धाकटा भाऊ अवी म्हणाला, "ताई, गावरान थाट असलेल्या हॉटेलवाल्यांना दे. ते भिंतीवर लावतील." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आईची काटवट टांगायची आणि खाली कुणीतरी पनीर टिक्का खाणार! पण ठेवायचं कुठे याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. लाकूड कोरडं पडून कडेला एक बारीक चीर दिसायला लागली होती. तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर वर्गमैत्रिणीने फोटो टाकला. घाटनांदूर आणि परळीच्या मधल्या डोंगरात बोरगव्हाण म्हणून गाव आहे, तिथल्या निजामाच्या वेळच्या जुन्या कचेरीत गावकऱ्यांनी संग्रहालय केलंय. फोटोत दगडी कमान होती आणि आत मांडलेली जुनी भांडी. मला एकदम सुटल्यासारखं झालं. काटवट तिथे द्यायची, खाली आईच्या नावाची पितळी पाटी लावायची, हात जोडायचे आणि परत यायचं. पाटी मी करूनही घेतली.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि अवी पहाटे निघालो. रस्ता नगर, जामखेड, पाटोद्याच्या बाजूने मांजरसुंबा, पुढे केज आणि अंबाजोगाई. बीड जिल्ह्याच्या रस्त्यांना नावं ठेवायची सवय असलेल्यांनी आता ती मोडावी, मोठा रस्ता बराच चांगला झालाय. मात्र हिवाळ्यात समोरून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, त्यांना ओव्हरटेक करायची घाई करू नका. पाटोद्याला बाजाराजवळ थांबून चहा घेतला. चहा पाक म्हणावा इतका गोड. आम्ही तरी दोन-दोन प्यालो.

मुक्काम अंबाजोगाईला केला. योगेश्वरीच्या देवळाजवळ साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात आणि खिशाला झेपतात. घाटनांदूर आणि परळी दोन्हीकडे जायला हे गाव सोयीचं आहे. रेल्वेने येणार असाल तर सरळ परळीला उतरा, फक्त पांढरे कपडे घालून उतरू नका, औष्णिक केंद्राची राख आपल्याआधी स्टेशनवर हजर असते. अंबाजोगाईला आमचे आजोबा शेवटपर्यंत मोमिनाबाद म्हणायचे. सकाळी नाश्त्याला अवीने हॉटेलात विचारलं, "काय आहे?" पोऱ्या म्हणाला, "सुशीला हाय." अवी पुण्यात वाढलेल्या आपल्या मुलाला फोन लावून सांगत बसला की सुशीला ही बाई नसून भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा आहे. कांदा, दाण्याचा कूट, वरून लिंबू. दोघांनी दोन-दोन प्लेटा खाल्ल्या, तरी शहरातल्या एका कॉफीइतके पैसे झाले नाहीत.

मग घाटनांदूर. आमच्या जुन्या घरावरून गाडी हळू नेली. नव्या मालकाने निळा रंग दिलाय, दारात मोटरसायकल उभी होती आणि एक बाई निवडायला तूर घेऊन बसली होती. तिने आमच्याकडे परक्या माणसांकडे बघतात तसं बघितलं. बघणारच. मला फार वाईट वाटलं. या गावात "कुठं उतरलात?" असं कुणी विचारलं तर आता मी लॉजचं नाव सांगणार, हे तिथे रस्त्यावर एकदम लक्षात आलं. अवीने गाडीचा वेग वाढवला.

बोरगव्हाणचा फाटा परळीच्या वाटेवर आहे. फाट्यावर पाटी नाही, टपरीवर विचारा. तिथून रस्ता अरुंद, चढाचा आणि खडीचा. गावात शिरलो आणि चुकून सुट्टीच्या दिवशी आलो की काय असं वाटलं. घरामागून घर कुलपात. एका दाराला कुलपाच्या जोडीला बाभळीची काटेरी फांदी लावलेली. पारावर तीन म्हातारे ऊन खात होते. अवीने काच खाली करून विचारलं, "बाबा, गावात कुणी नाही का?"

"हाय की, आमी हाव," त्यातले एकजण म्हणाले. "बाकी समदे कारखान्यावर. संग्रालयाला आलाव का? मग बरोबर टायमाला आलाव. आता भरल्यालं हाय."

संग्रहालय भरलेलं असतं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं नाही.

कचेरी मात्र बघतच राहावी अशी. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातलं बांधकाम, पुढे तीन कमानींचा ओटा, वर सागवानी कडीपाट. दारावर उर्दूत कोरलेला मजकूर आहे. इथे जहागिरीचा कारभार चालायचा. पुढे ती गावाची चावडी झाली, मग रेशनचं गोदाम, मग बरीच वर्षं शेळ्यांची. आता गावकऱ्यांनी स्वतः चुना मळून भिंती नीट केल्यात. एका कोपऱ्यात नवा चुना जुन्यापेक्षा उजळ दिसतो, तो त्यांनी मुद्दाम तसाच ठेवलाय, नवं काम कुठलं ते कळावं म्हणून. जुन्या इमारतींना तैलरंग फासणारी मंडळी मी खूप पाहिलीत, त्यामुळे हे बघून मन भरून आलं.

पण आत गेले आणि मला हसू आवरेना. निजामाच्या वेळची लोखंडी तिजोरी, तिच्यावर साडीत गुंडाळलेला टीव्ही. शिक्के मारलेली जुनी मापं, शेजारी शिलाई मशीन. हलगी, दळायचं जातं, एक जुनी तलवार, आणि तिच्या पायाशी चकचकीत स्टीलचे डबे, वर कुठल्याशा लग्नातला फोटो. अवी माझ्या कानात म्हणाला, "ताई, हे संग्रहालय आहे की माळा?" मग प्रत्येक वस्तूपुढची चिठ्ठी वाचली. जाड पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात तीनच ओळी. तलवारीची चिठ्ठी अशी: "तलवार, पणजोबाची. धनी: अंकुश. सध्या: पोटासाठी कोल्हापूरकडं." शिलाई मशीन: "धनी: सुमन. सध्या: पोटासाठी कर्नाटकात. लेक चार महिन्यांची, सोबत नेली आहे." डब्यांची: "धनी: सुमनची सासू. सध्या: मशीनवालीबरोबरच."

माझं हसू थांबलं.

"बघा, बघा. हात लावला तरी चालतंय," मागून आवाज आला. पांढरं धोतर, डोक्याला मफलर, उंच शिडशिडीत गृहस्थ. हे उत्तमतात्या, संग्रहालय सांभाळतात. आधी ते मुकादम होते, म्हणजे दरवर्षी दसऱ्यानंतर गावातली माणसं गोळा करून ऊसतोडीची टोळी घेऊन जायचे. त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली आणि आम्हाला बसवून सगळं सांगितलं. सहा महिने घरं बंद. तेवढ्यात कुणाची कौलं उतरायची, कुणाची भांडी जायची, कुणाच्या लाकडाला वाळवी लागायची. मुकादम म्हणून शिव्या तात्यांना बसायच्या.

"मी म्हणलं, आपल्या गावात येवढी दगडाची कचेरी उभी हाय अन् तिच्यात शेळ्या कावून? ग्रामपंचायतीत उभा ऱ्हायलो. मागली कोठडी हाय ना, तिच्यावर उर्दूत लिवलंय, अमानत. जहागिरीच्या टायमाला लोकांनी भरल्याला ऐवज तिथं ठिवायचे. मी म्हणलं, आता आपली अमानत ठिवू. पयल्या साली आठ-दहा घरांनी ठिवली. मग शाळेतले गुरुजी आले, म्हणले, तात्या, हे तर संग्रालय झालं. त्यांनीच चिठ्ठ्या लिवल्या."

"आणि लोक परत आल्यावर?"

"पट्टा पडला की जो तो आपली वस्तू घरी नेतो." कारखान्याचं गाळप संपलं, की इकडे पट्टा पडला म्हणतात. "मग उन्हाळ्यात या तुमी. इथं नुसती तिजोरी अन् मापं ऱ्हातेत. बाकी रिकाम्या जागी चिठ्ठी: वस्तू घरी आहे."

मी आयुष्यात बरीच संग्रहालयं पाहिली. काचेमागच्या वस्तूंचे मालक कोण होते आणि त्यांचं पुढे काय झालं हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. इथे प्रत्येक वस्तूचा मालक हयात होता, थंडीत कुठल्यातरी उसाच्या फडात उभा होता, आणि परत येणार होता. मला ते गाव तिथल्या तिथे आवडलं. आणि वाटलं, आईची काटवट ठेवायला याहून चांगली जागा नाही. अवीने ती गाडीतून आणली. मी पिशवीतून पितळी पाटी काढली आणि तात्यांपुढे धरली: "कै. कमलबाई यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट".

तात्यांनी पाटी वाचली, काटवटीवरून हात फिरवला आणि पाटी मला परत दिली.

"वस्तू झ्याक हाय. पर दान न्हाई घेत आमी."

"का हो? आम्हाला पैसे नकोत."

"पैशाचं न्हाई बाई. इथं अमानतच ठिवायची. तुमी न्यायला कवा येणार, ते सांगा."

"न्यायला? मी द्यायला आलेय!"

"मग न्हाई जमत."

मी चिडले. पुण्याहून एवढ्या लांब ती जड काटवट आणायची, आणि हे गृहस्थ नको म्हणतात! मी म्हणाले, "तात्या, आमचं घाटनांदूरचं घर विकलं. आई नाही, वडील आधीच गेले. मी ती नेऊन ठेवू कुठे? दिवाणाखाली? तिथे उलायला लागलीय ती. तुम्ही घेतली नाही तर हॉटेलच्या भिंतीवर जाईल." बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अवीने मान खाली घातली.

तात्या शांतपणे म्हणाले, "एकानं दान दिलं की दुसरा म्हणतो, माझंबी घ्या. मग माणसं वस्तू टाकून जायाला लागतेत. पोरं आता तिकडंच ऱ्हायला बघतेत, बाई. कुणी पुण्यात, कुणी तिकडं बारामतीला. वस्तू हितं असली म्हंजी पट्टा पडल्यावर माणूस येतंय. दान घेतलं तर कचेरी भरंल अन् गाव मोकळं पडंल."

ज्याच्यासाठी ते हे सगळं करत होते, ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं होतं.

कचेरीच्या मागच्या अंगणात चुली आहेत. गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा स्वयंपाक हंगामभर तिथे होतो. ते रांधणाऱ्या कोंडाबाई, तात्यांच्या भावजय, आमचं भांडण ऐकत दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, काही न विचारता काटवट उचलून मागे नेली, पाण्याने धुतली आणि तीत ज्वारीचं पीठ ओतलं. "भांडण चालू द्या. मला वीस माणसाच्या भाकरी करायच्यात अन् माझी परात येवढुशी हाय," म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी पीठ मळलं, भाकरी थापायला घेतली आणि थांबल्या. काटवट फिरवली. पुन्हा थांबल्या. "अवो, ही उलटी कावून बसती? कान हिकडं अन् खोलगट तिकडं."

मला रडता रडता हसू आलं. "आई डावखुरी होती. तिच्या हाताने झिजलीय ती."

"आगं बाई!" कोंडाबाईंनी जेवायला आलेल्या म्हाताऱ्यांना हाक मारली. "बगा हो, डावऱ्या बाईची काटवट!" मग त्यांनी पदर खोचला आणि डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न केला. भाकरीचा पार नकाशा झाला. म्हातारे हसले. एका आजींनी नाक मुरडलं, "मला असली नको, गोल दे." मी चपला काढल्या आणि काटवटीपुढे बसले. मी उजवीच, पण लहानपणी आईसमोर बसून थापायला शिकले, त्यामुळे समोरच्या बाजूने मला ती बरोबर बसते. पहिली भाकरी फाटली. दुसरी तव्यावर टम्म फुगली. नेमक्या त्याच आजींनी ती घेतली.

जेवण म्हणजे येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि कांदा. आमटी अशी झणझणीत, की अवीच्या कानातून वाफा निघायच्या बाकी होत्या. संग्रहालयाला तिकीट नाही. जेवणाचं कुणी मागत नाही, पण जाताना तेल, डाळ, ज्वारी असं काही घेऊन गेलात तर चुलीला उपयोगी पडतं. आधी कळवून जाण्याची भानगड नाही, तात्या तिथेच असतात. जायचं तर दिवाळीनंतर जा, गुढीपाडव्याच्या आत.

हात धुताना मी तात्यांना विचारलं, "पट्टा पडल्यावर ही चूलसुद्धा बंद होते?"

"तर. पोरं-सुना आल्यावर म्हातारे आपापल्या घरी जेवतेत. काटवटीला पाणी-पीठ लागलं न्हाई तर पार उलती. उन्हाळ्यात तुमाला घरी न्यावी लागंल, भाकरी करावी लागंल. दसऱ्याला परत आणून टाका."

म्हणजे वर्षातून दोनदा. मी अवीकडे बघितलं. अवी, ज्याला ती हॉटेलात द्यायची होती, तो म्हणाला, "ताई, गाडी मी चालवीन."

"ठेवते," मी म्हणाले. "अमानत."

तात्यांनी पुठ्ठा आणि शाईपेन काढलं. गुरुजी गावात नसल्याने स्वतःच जपून लिहायला लागले. वस्तू, धनी, हे मी सांगितलं. तिसऱ्या ओळीला मी काही सांगायच्या आधीच त्यांनी लिहून टाकलं होतं. काटवट धुवून शिलाई मशीनच्या शेजारी टेकवली, पुढे चिठ्ठी ठेवली: "काटवट, डाव्या हाताची. धनी: कमलबाईची थोरली लेक सुनंदा, घाटनांदूर. सध्या: पोटासाठी पुण्याला."

मी ती तीनदा वाचली. अठ्ठावीस वर्षं मी पुण्यात नोकरी करतेय, स्वतःला पुणेकर समजतेय, घाटनांदूरशी संबंध संपला म्हणून वर्षभर कुढतेय. आणि या माणसाने दोन शब्दांत मला सुमनच्या आणि अंकुशच्या रांगेत नेऊन बसवलं. ते फडात राबतात, मी एसीत बसते, एवढा फरक मला कळतो. तरी घाटनांदूरपुढे "सध्या" वाचून मला जो आनंद झाला, तो निळ्या घरासमोर वाटलेलं वाईट पुरतं भरून काढणारा होता.

परतीच्या वाटेवर अवी मांजरसुंब्यापर्यंत शिट्टी वाजवत होता. पितळी पाटी डिकीत राहिली. ती आता माझ्या ओट्यावर गरम पातेलं ठेवायला वापरते, आईला हे आवडलं असतं.

घरी येऊन तीन महिने झाले. दिवाणाखाली मोकळी जागा आहे, बोटं शाबूत आहेत. तिथे काही ठेवायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलंय. ज्वारीचं पीठ आणायला सुरुवात केली. ओट्यावरचा मिक्सर कपाटात गेला. बोरगव्हाणची कमान, येसराची आमटी, म्हाताऱ्यांचं हसणं, सगळं आठवतं. पण सारखी आठवते ती चिठ्ठी.

परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन वाजला. तात्या होते. मी बाहेर येऊन उचलला. मागे ट्रॅक्टरचा, माणसांचा, लेकरांचा गलबला ऐकू येत होता.

"सुनंदाबाई, आमचा पट्टा पडला. समदी आली. सुमन मशीन घिऊन गेली, लेक रांगायला लागलीय तिची. कचेरी मोकळी व्हायलीय, एक तुमची काटवट तेवढी ऱ्हायलीय." मग त्यांनी विचारलं, "तुमचा पट्टा कवा पडतो?"

मी आत गेले आणि साहेबांकडे सोमवारची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं.

"गावी जायचंय," मी म्हणाले.